उतरती बोली

बाकी जगात बोली चढते.
आमच्या व्हरमाँटच्या डोंगरात
थकलेल्या साऱ्याची बोली उतरते.
कमीत कमी जमीन घेऊन
पुरता सारा भरायला कोण तयार आहे?
एवढंच वसुलदाराने विचारायचं.
कायदा दयाळू आहे. उरलेली जमीन मालकाचीच राहते.
मी कारकून. एक आकडा खोडायचा,
त्याखाली त्याहून लहान आकडा लिहायचा.

सतराशे सत्त्याण्णवचा मार्च.
पेलेग हॉइटच्या सराईत
शाई गोठू नये म्हणून दौत काखेत धरून बसलो होतो.
बाहेर चिखल, चाकांच्या आसापर्यंत.
आत ओली लोकर, रम, कुत्री.
एलिफलेट स्टोअर्सने घसा खाकरला:
"लॉट सत्तावीस. शंभर एकर.
मालक जबेझ लॅथ्रॉप, राहणार कनेक्टिकट.
सारा एक डॉलर. जाहिरात आणि लेखणावळ सत्त्याऐंशी सेंट."

जबेझ लॅथ्रॉपने ही जमीन कधी पाहिली नाही.
तो मेला असंही कोणी म्हणतं.
जाहिरात तीनदा छापली होती,
अशा वर्तमानपत्रात, जे आमच्याकडे येतं
चहाच्या पुडीभोवती.

पण लॉट सत्तावीसमधून धूर निघतो.
असाहेल ट्रिप सात वर्षं राहतोय तिथे,
बायको थँकफुल, दोन मुलगे, एक बैल.
(दुसरा बैल गेला. ते पुढे येईल.)
त्याने जमीन विकत घेतली होती
एका गोडबोल्या माणसाकडून.
कागदावर तांबड्या लाखेची मोहोर होती.
लाख खरी होती.

असाहेल उभा राहिला.
झाडं जाळून राख, राख उकळून पोटॅश,
पोटॅश विकून डॉलर: दोन.
रुमालाच्या गाठीत.

"शंभर," रगल्स म्हणाला.
रगल्स म्हणजे बेनिंग्टनच्या वकिलाचा माणूस,
त्याच्या बुटांना चिखल कसा लागत नाही, देव जाणे.
"नव्वद," असाहेल.
"साठ."
"चाळीस."
लोक हसू लागले. कुणीतरी टेबलावर मूठ आपटली.
"पंचवीस."
असाहेलने डोळे मिटले,
कुंपणाकाठाने एक फेरी मारून आल्यासारखा थांबला.
"अकरा," तो म्हणाला,
घरातल्या माणसाला हाक मारावी तसा.

अकराच एकर त्याने साफ केले होते.
बुंधे उपटून, दगड वेचून,
ओढ्याकाठी, दक्षिणेच्या उतारावर.

रगल्सने तपकिरीची डबी मिटली.
तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.
कारण नियम असा, की मोजणी उत्तरेच्या कोपऱ्यातून सुरू होते,
घर कुठे, चूल कुठे, साखळी विचारत नाही.
हे रगल्सला ठाऊक होतं.
उरलेले एकोणनव्वद लॅथ्रॉपचे वारस
एका टोपीच्या किमतीत विकतील, हेही.
आणि नियम माझ्या मांडीवरच उघडा होता,
पान चौदा.

"एकवार."
"दोनवार."
दोन आणि तीनच्या मधे बरीच जागा असते.
एक वाक्य सहज मावलं असतं.
मी टाकाचं टोक जिभेवर ओलं केलं.
"तीनवार."

सारा फिटला, साऱ्या गावादेखत.
असाहेलने सगळ्यांना सायडर पाजलं,
उधारीवर.

मे महिन्यात साखळी पडली.
उत्तरेचा कोपरा म्हणजे बीव्हरने तुंबवलेली दलदल,
काळे स्प्रूस, मच्छर,
जिथे त्याचा दुसरा बैल
दोन वर्षांपूर्वी शिंगांपर्यंत गेला होता.
मी चतुःसीमा लिहिली, वळणदार अक्षरात:
उत्तरेस गावाची हद्द.
पूर्वेस खूण केलेलं बर्चचं झाड.
पश्चिमेस पाणी.
दक्षिणेस याच लॉटचा शिल्लक भाग.

दुसऱ्या दिवशी थँकफुल आली, एकटीच.
तिला वाचता येतं, बायबलपुरतं.
कागद माझ्या मेजावर पसरून तिने विचारलं,
"यात दक्षिण कुठली?"
मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.
तिने माझं बोट बाजूला केलं,
'शिल्लक भाग' पुन्हा वाचलं, ओठ हलवत,
आणि मग कागद उलटा करून पाहिला,
मागे काही लिहिलंय का.